जुळते आहे, पण कोणाचे?

व्हिडिओ अपलोड होणे आणि तो प्रसिद्ध होणे यांच्यामध्ये यूट्यूबच्या पडद्यावर ‘तपासणी’ची एक पायरी लागते. एक छोटे वर्तुळ फिरत राहते आणि सगळे सुरळीत असेल तर काही मिनिटांत तिथे बरोबरची खूण उमटते. बहुतेक लोकांच्या ही पायरी लक्षातही येत नाही. ज्यांच्या व्हिडिओत संगीत असते त्यांचे मात्र तिकडे बारीक लक्ष असते. मी व्हायोलिन शिकवण्याचे व्हिडिओ करते, त्यामुळे ते वर्तुळ फिरत असताना दुसऱ्या कामात माझे मन लागत नाही. तेवढ्या वेळात यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा माझ्या वादनाची तुलना हक्कधारकांनी नोंदवलेल्या कोट्यवधी संदर्भ फाइलींशी करत असते, आणि त्यातली एखादी जुळली तर व्हिडिओ कोणी पाहायचा, त्यावर जाहिरात लागायची की नाही आणि लागलीच तर पैसे कोणाकडे जायचे, हे माझ्या हातात राहत नाही.

या व्यवस्थेविषयी लिहिणारे बहुतेक जण यंत्राच्या चुकांबद्दल लिहितात. माझा अनुभव आणि वाचन मला वेगळीकडे नेते. यंत्र आपले काम बऱ्यापैकी चोख करते, असे मला वाटते. खोट आहे ती यंत्र ज्या नोंदवहीशी आपली फाइल ताडून पाहते तिच्यात, आणि ती नोंदवही खरीच आहे असे गृहीत धरून पुढे चालणाऱ्या कारभारात.

यंत्र ओळखते कसे, हे आधी पाहू. ध्वनीचे अतिशय बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा जोर किती आहे हे मोजले जाते. त्यातून एक नकाशा तयार होतो: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता, आणि जिथे जोर जास्त तिथे ठिपका ठळक. या नकाशातले सर्वांत ठळक ठिपके तेवढे ठेवायचे आणि बाकीचे सारे टाकून द्यायचे. गाणे ओळखणाऱ्या ‘शझाम’ ॲपच्या एव्हरी वँग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पुढची युक्ती सांगितली आहे. दोन ठळक ठिपक्यांची जोडी घ्यायची; पहिल्याची वारंवारता, दुसऱ्याची वारंवारता आणि दोघांमधले वेळेचे अंतर यांचा मिळून एक आकडा करायचा; अशा हजारो आकड्यांनी एका ध्वनिमुद्रणाचा ठसा बनवायचा. नव्या ध्वनीतले आकडे साठ्यातल्या एखाद्या ठशाशी वेळेचा तोच फरक राखत ओळीने जुळत गेले, की ओळख पटली. आसपास माणसे बोलत असली, भांडी वाजत असली तरी ही पद्धत चालते, कारण गोंगाटाने ठळक ठिपके सहसा पुसले जात नाहीत. यूट्यूबने आपली पद्धत पूर्णपणे उघड केलेली नाही, पण ध्वनी ओळखण्याच्या तंत्राचा गाभा साधारण असा आहे. चित्रासाठीही असेच ठसे असतात, आणि मूळ ध्वनिमुद्रण नसताना नुसती चाल ओळखण्याची सोयही आता आहे. मला या तंत्राचे मनापासून कौतुक वाटते. स्वराची जात, वादकाची बोटे, सभागृहाचा घुमारा, यांतले काहीच न कळता एखादी रचना ओळखायची, हे काही सोपे काम नाही.

त्याला चकवणारेही आहेतच. चित्र आरशासारखे उलटे करायचे, भोवती चौकट टाकायची, गती किंचित वाढवायची, स्वर थोडा चढवायचा. ज्याला दुसऱ्याचे काम उचलून पैसे करायचे आहेत त्याला या सगळ्या खुब्या तोंडपाठ असतात. ज्याला तसे काही करायचेच नाही तो साधा व्हिडिओ टाकतो आणि नेमका तोच जाळ्यात सापडतो.

ठसे जुळवणारी ही गाळणी कोणत्याही कायद्याने बसवायला लावलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने संकेतस्थळांना संरक्षण दिले ते अशा बोलीवर, की हक्कधारकाची रीतसर नोटीस आली की मजकूर काढायचा. सगळ्या मजकुरावर पहारा ठेवण्याची सक्ती त्यात नाही. यूट्यूब फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. मालक श्रीमंत झाला की दावे येतात. फेब्रुवारी २००७ मध्ये व्हायाकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीने एक लाख क्लिपा काढून टाकण्याची मागणी केली आणि मार्चमध्ये एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचा खटला भरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यूट्यूबने व्हिडिओ ओळखण्याची आपली यंत्रणा जाहीर केली, जी पुढे ‘कंटेंट आयडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. खटला मात्र सात वर्षे चालून २०१४ मध्ये तडजोडीने मिटला.

त्या खटल्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०१० मध्ये यूट्यूबने न्यायालयापुढे मांडले, की प्रसिद्धीसाठी व्हायाकॉमनेच माणसे नेमून, ओळख लपवून आपल्या क्लिपा यूट्यूबवर चढवल्या होत्या. कंपनीच्या एका विभागाने काय चढवले हे दुसऱ्याला माहीत नसल्याने ती स्वतःच्याच क्लिपा काढायला लावत असे आणि मग त्या परत लावा म्हणून विनंती करत असे. खटल्याच्या यादीतल्या काही क्लिपा कंपनीच्या स्वतःच्याच निघाल्या आणि तिला त्या मागे घ्याव्या लागल्या. एवढ्या मोठ्या मालकाला आपण कशाला परवानगी दिली आणि कशाला नाही याचा हिशेब ठेवता येत नव्हता. परवानगी ही चित्राच्या किंवा ध्वनीच्या आत कुठे लिहिलेली नसते. ती कुठल्यातरी पत्रात, करारात, कधी नुसत्या बोलण्यात असते. ठसा जुळवणारे यंत्र तिथवर पोहोचणार कसे?

आता नोंदवहीकडे येऊ. हक्कधारक आपली फाइल यंत्रणेकडे देतो, कोणत्या देशांत आपला हक्क आहे ते सांगतो आणि जुळणी झाली तर काय करायचे तेही आधीच ठरवून ठेवतो: व्हिडिओ अडवायचा, नुसती पाहणाऱ्यांची आकडेवारी घ्यायची, की जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे. पुढे सारे आपोआप होते. नोंदवहीत नोंद करण्याचा अधिकार सगळ्यांना नाही. मोठा संग्रह बाळगणाऱ्या काही हजार कंपन्या आणि संस्थांनाच तो मिळतो. काय नोंदवू नये याचे नियमही आहेत. ज्यावर आपला एकट्याचा हक्क नाही, म्हणजे सार्वजनिक मालकीची चित्रे किंवा कोणालाही वापरायला मिळणारे तयार संगीताचे तुकडे, ते नोंदवायचे नाहीत, असे नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. पण नोंद करताना तो नियम पाळला गेला का, हे मुळात नोंद करणाऱ्याच्या शब्दावर सोडलेले असते. खोटी नोंद उघडकीला येते ती सहसा नंतर, तिच्यामुळे कोणाला तरी त्रास झाल्यावर आणि त्याने ओरड केल्यावर.

ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरले, आणि नासाच्या स्वतःच्या वाहिनीवरचा त्या घटनेचा व्हिडिओ काही वेळ दिसेनासा झाला. एका अमेरिकी वृत्तसंस्थेच्या नावाने त्यावर दावा लागला होता. नासाची चित्रे साधारणपणे कॉपीराइटमुक्त असतात, म्हणून बातम्यांच्या वाहिन्या ती मोकळेपणाने दाखवतात. पण बातमीपत्र ‘आमचे’ म्हणून नोंदवहीत गेले, की त्याच्या पोटातली नासाची चित्रेही त्याच नावावर चढू शकतात. यंत्राने काहीही चुकीचे ओळखले नव्हते. दोन्ही चित्रे खरोखरच एक होती.

पांढऱ्या गोंगाटाचे (‘व्हाइट नॉइज’चे) उदाहरण याच जातीचे, पण त्यात विनोद जास्त. ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराने संगणकावर तयार केलेला दहा तासांचा, एकसुरी ‘स्स्स्’ असा आवाज अपलोड केला होता. जानेवारी २०१८ मध्ये त्यावर पाच दावे लागले. झोप लागावी म्हणून असे आवाज विकणाऱ्यांनी आपापल्या फाइली नोंदवून ठेवल्या होत्या, आणि कोणताही पांढरा गोंगाट कोणत्याही पांढऱ्या गोंगाटासारखाच असायचा. कोणी स्वतःच्या मालकीची नाही अशी गोष्ट नोंदवहीत स्वतःच्या नावावर लिहिली, की पुढचे पाप यंत्राच्या माथी मारायला सगळे मोकळे.

२०१२ सालातल्या पक्ष्यांच्या किलबिलाटाच्या प्रकरणात तर माणूसही मध्ये होता. रानभाज्या गोळा करतानाच्या एका व्हिडिओत मागे पक्षी ओरडत होते आणि एका संगीत-परवाना कंपनीच्या नावाने दावा लागला. व्हिडिओ करणाऱ्याने हरकत घेतली. कंपनीकडून उत्तर आले की तपासले, दावा बरोबर आहे. बोभाटा झाल्यावर तो मागे घेतला गेला. ‘यंत्रावर माणसाची देखरेख हवी’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. नोंदवहीवर विसंबून बसलेला माणूस यंत्राहून निराळे काही करीलच असे नाही.

माझ्या बाबतीत घडले ते इतके मजेदार नव्हते. अठराव्या शतकातली एक संथ रचना मी स्वतः वाजवून, गज कुठे वळवायचा आणि कुठे रोखायचा हे समजावले होते. रचनाकार जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली, वादन माझे, कॅमेरा माझा. दावा लागला तो कुठल्याशा संग्रहातल्या ध्वनिमुद्रणाच्या नावाने, ज्याच्या वादकाचे नाव मी कधी ऐकले नव्हते. दाव्याच्या पानावर माझा व्हिडिओ एका पट्टीसारखा पसरलेला होता आणि जुळलेला भाग त्या पट्टीवर वेगळ्या रंगात दाखवलेला होता. मी तो भाग वाजवून पाहिला. सुरुवात होती मी बोलणे थांबवून गज तारेवर ठेवते तिथे, आणि शेवट मी पुन्हा बोलायला लागते त्याच्या अलीकडे. एवढा काटेकोरपणा पाहून मला राग येण्याआधी कौतुकच वाटले. खाली पर्याय होते: तेवढा भाग कापा, त्यावर दुसरे संगीत टाका, तेवढा आवाज बंद करा, किंवा हरकत घ्या. व्हायोलिनच्या पाठात व्हायोलिनचा आवाज बंद करण्याची सूचना वाचून हसू आवरले नाही, हेही सांगायला हवे.

अशी जुळणी का होते, हे वादकाला समजायला वेळ लागत नाही. जुन्या पाश्चात्त्य अभिजात संगीतात सगळे वादक तेच स्वर, जवळपास त्याच गतीने वाजवतात. कौशल्य असते ते त्यांमधल्या बारीक फरकांत, आणि ठसा बनवताना नेमके तेच फरक टाकून दिले जातात. २०१८ मध्ये ब्रिटिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी स्वतः वाजवलेला, जर्मन रचनाकार बाखचा एक छोटा तुकडा फेसबुकवर टाकला, तर त्यातले ४७ सेकंद सोनी म्युझिकचे आहेत असे त्यांना कळवण्यात आले. बाख १७५० मध्ये वारला. ऱ्होड्स यांना लोक ओळखतात, म्हणून गाजावाजा झाला आणि दावा सुटला. ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांच्या हाती हरकतीचा अर्ज उरतो.

या अर्जाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्या व्यवस्थेचा तोल इथे कळतो. हरकत घेतली की ती जाते कोणाकडे? त्रयस्थाकडे नाही, ज्याने दावा केला त्याच्याकडेच. त्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. त्याने ‘दावा कायम’ म्हटले तर अपील करता येते आणि त्यावर उत्तरासाठी त्याला ७ दिवस असतात. त्या वेळी तो रीतसर कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ उतरवू शकतो. मग चॅनेलवर ‘स्ट्राइक’ म्हणजे ताकीद येते, आणि ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होण्याची पाळी येते. नोटिशीला उत्तर द्यायचे तर आपले नाव, पत्ता लिहून, आपण न्यायालयात उभे राहायला तयार आहोत असे मान्य करावे लागते, आणि ती माहिती समोरच्याकडे जाते. नियम म्हणून यातली एकेक पायरी समजण्यासारखी आहे. पण घरी बसून व्हिडिओ करणाऱ्या एकट्या माणसाने पायऱ्यांचा हा जिना खालून वर पाहिला, की जाहिरातीचे किरकोळ पैसे गेले तर जाऊ देत, असे त्याला वाटणारच. समोरच्याने खोटा दावा केला तर त्याचे काय जाते? नोंद काढली जाऊ शकते, फार झाले तर नोंदवहीचा अधिकार जाऊ शकतो; पण एखादा चुकीचा दावा सोडून देताना त्याला सहसा काहीच किंमत मोजावी लागत नाही. माझा दावा असाच, मुदत संपत आल्यावर, एका ओळीच्याही खुलाशाविना सुटला.

अशा ठिकाणी लबाडी शिरणार हे सांगायला ज्योतिषी नको. २०२१ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनामध्ये दोघांवर आरोपपत्र दाखल झाले. त्यांनी पन्नास हजारांहून अधिक लॅटिन अमेरिकी गाणी आपलीच असल्याचे सांगून नोंदवली आणि काही वर्षांत त्यांच्या जाहिरातींचे दोन कोटी डॉलरहून अधिक पैसे गोळा केले. पुढे दोघांनाही तुरुंगवास झाला. यात लुबाडले गेले ते कोणी चोरटे अपलोड करणारे नव्हेत, खुद्द गाण्यांचे खरे मालक. कॉपीराइटच्या रक्षणासाठी उभारलेल्या यंत्रणेतून कॉपीराइटचीच एवढी मोठी चोरी झाली, आणि त्यासाठी कोणाला यंत्र फसवावे लागले नाही. नोंदवहीत लिहिता येणे पुरेसे होते.

हक्कधारकांची बाजू मी हलक्यात घेत नाही. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक लांबीचे व्हिडिओ येतात. माणसे बसवून हा पूर कोणी तपासू शकणार नाही. २०२२ अखेरपर्यंत या यंत्रणेतून हक्कधारकांना नऊ अब्ज डॉलर मिळाल्याचे यूट्यूब सांगते. बहुतेक दाव्यांत हक्कधारक व्हिडिओ अडवत नाहीत, जाहिरातीचे पैसे घेऊन तो चालू देतात. त्यामुळे आवडत्या गाण्यावर नाचणाऱ्यांचे व्हिडिओ टिकून राहिले, हे मान्य करावे लागेल. नुसत्या नोटिशींच्या जमान्यात ते सरसकट उतरवले गेले असते. माझ्या ओळखीतल्या, स्वतःची गाणी स्वतःच काढणाऱ्या मंडळींची तक्रार तर उलटी आहे: त्यांना या नोंदवहीत थेट प्रवेशच नाही. त्यांच्यासाठी पूर्ण किंवा जवळपास पूर्ण नक्कल शोधून देणारे वेगळे साधन आहे, पण त्यात सगळे हाताने करावे लागते.

तरीही एक आकडा ज्या पद्धतीने वाचला जातो त्याच्याशी माझे मुळीच पटत नाही. यूट्यूबने डिसेंबर २०२१ मध्ये कॉपीराइटविषयीचा आपला पहिला पारदर्शकता अहवाल काढला. त्या वर्षीच्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांत कंटेंट आयडीने ७२.२ कोटी दावे केले, आणि त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर हरकत घेतली गेली. अहवालाचा सूर असा, की यावरून यंत्रणेची अचूकता दिसते. पण हरकत न घेणे आणि दावा बरोबर असणे या दोन गोष्टी एक कशा? ज्या ३७ लाख दाव्यांवर हरकत घेतली गेली, त्यांतल्या ६० टक्के दाव्यांचा निकाल अपलोड करणाऱ्याच्या बाजूने लागला. म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत बावीस लाखांहून अधिक दावे टिकले नाहीत, आणि हे फक्त ज्यांनी धीर करून अर्ज भरला त्यांचे. उरलेल्या ७१ कोटींहून अधिक दाव्यांतले बहुतांश योग्यच असतील, असे मलाही वाटते. मात्र त्यांत किती जणांनी पायऱ्या पाहून माघार घेतली, किती जणांनी मुकाट्याने तो भाग कापला, याचा पत्ता त्या एका टक्क्यावरून लागत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी आता रचना सलग वाजवतच नाही. मध्येच थांबते, बोलते, पुन्हा उचलते. शिकणाऱ्याला एखादी संथ ओळ अखंड ऐकायला मिळायला हवी, हे मला कळते. पण अखंड ओळ जुळण्याचा धोका अधिक. ही काटछाट कोणत्याही अहवालात येणार नाही.

कायदा वापराच्या हेतूकडे पाहतो. अमेरिकेत ‘न्याय्य वापरा’चे, म्हणजे परवानगीशिवायही मान्य असलेल्या वापराचे, चार निकष आहेत: वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि बाजारावरचा परिणाम. भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा, अध्यापन अशा मान्य वापरांची यादी आहे. ठसा जुळवणाऱ्या यंत्राला यांतला फार तर घेतलेल्या भागाच्या लांबीचा मुद्दा मोजता येतो, बाकी काही नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ह्यूगो या विज्ञानकथांच्या पुरस्कारांचे थेट प्रक्षेपण यूस्ट्रीम या संकेतस्थळावर मध्येच बंद पडले, कारण समारंभात दाखवलेल्या मालिकांच्या तुकड्यांशी नोंदवही जुळली. तुकडे परवानगी घेऊनच दाखवले होते. तसे नसते तरी पुरस्कार देताना त्या कृतीची झलक दाखवणे हा न्याय्य वापर ठरण्याची शक्यता मोठी होती. पण प्रक्षेपण पुन्हा जोडता आले नाही आणि समारंभ संपून गेला.

याच्या उलट्या टोकाचे उदाहरण फेब्रुवारी २०२१ मधले. कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये एक नागरिक पोलिस अधिकाऱ्याचे चित्रण थेट प्रक्षेपित करत होता. अधिकाऱ्याने खिशातून फोन काढून एक लोकप्रिय गाणे लावले आणि गप्प उभा राहिला. चित्रण कॉपीराइटच्या गाळणीत अडकावे हाच त्यामागचा हेतू असावा, असे तेव्हा सगळ्यांनी ताडले. गाळणीची आंधळी बाजू कुठली आणि तिचा वापर आडोशासारखा कसा करायचा, हे रस्त्यावरच्या शिपायालाही कळले होते.

यात कायदेशीर मेख अशी आहे. लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल म्युझिक हा खटला २९ सेकंदांच्या व्हिडिओवरून झाला. त्यात स्वयंपाकघरात एक लहान मूल नाचत होते आणि मागे अमेरिकी गायक प्रिन्सचे गाणे लागले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले, की नोटीस पाठवण्यापूर्वी हा न्याय्य वापर आहे का याचा विचार हक्कधारकाने करायलाच हवा. जाणूनबुजून खोटी नोटीस पाठवणाऱ्याला भरपाई द्यायला लावणारे कलमही १९९८ च्या कायद्यात आहे. ही संरक्षणे आहेत ती कायदेशीर नोटिशीपुरती. कंटेंट आयडीचा दावा ही कायदेशीर नोटीस नसतेच. ती संकेतस्थळाची खासगी व्यवस्था आहे. आणि यूट्यूबच्या त्या पारदर्शकता अहवालाप्रमाणे तिथल्या कॉपीराइटच्या एकूण कारवाईतली ९९ टक्के कारवाई या खासगी व्यवस्थेतून होते. न्यायालयाने घालून दिलेली शिस्त उरलेल्या एका टक्क्याला लागू.

युरोपने ही गाळणी कायद्याच्या कक्षेत आणली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातल्या कलम १७ ने मोठ्या संकेतस्थळांवर मजकुराची जबाबदारी टाकली, म्हणजे व्यवहारात गाळणी जवळपास सक्तीची केली. पोलंड त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेला. २६ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने कलम कायम ठेवले. पण कायदेशीर आणि बेकायदेशीर मजकुरातला फरक पुरेसा न कळणारी, आणि म्हणून कायदेशीर मजकूर अडवणारी गाळणी चालणार नाही, असेही बजावले. वाचायला छान आहे. असा फरक ओळखणारी गाळणी मात्र अजून कोणी बनवलेली नाही.

जर्मनीने हा पेच सोडवण्याचा जो प्रयत्न केला, तो मला आजवरचा सर्वांत विचारपूर्वक वाटतो. १ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात ‘अनुमानतः परवानगी असलेला वापर’ अशी एक सोय आहे. मूळ कृतीचा अर्ध्याहून कमी भाग घेतला असेल, तो इतर मजकुराशी जोडलेला असेल आणि वापर किरकोळ असेल, म्हणजे चित्रफीत किंवा ध्वनी १५ सेकंदांपर्यंत, लेखन १६० अक्षरांपर्यंत, तर व्हिडिओ आधी प्रसिद्ध होतो आणि तक्रार नंतर तपासली जाते. वापर याहून मोठा असेल तर ‘हा कायद्याने मान्य वापर आहे’ अशी खूण अपलोड करणाऱ्याला करता येते. १५ सेकंदांत माझ्या संथ रचनेची एक ओळही पूर्ण होत नाही. हा आकडा संगीत वाजवणाऱ्याने सुचवलेला नसणार. तरी संशयाचा फायदा आधी कोणाला द्यायचा हे कायद्याने ठरवले, ते बरे झाले.

त्याच कायद्याचे अठरावे कलम तुलनेने कमी चर्चिले गेले, आणि माझ्या मते खरा इलाज तिथे आहे. दुसऱ्याची किंवा सार्वजनिक मालकीची कृती आपली म्हणून जो वारंवार अडवायला सांगेल, त्याला संकेतस्थळाने काही काळ त्या प्रक्रियेतूनच बाहेर ठेवायचे. चूक हेतुपुरस्सर किंवा हलगर्जीपणाने झाली असेल तर त्याच्याकडून भरपाईही मागता येते. शिवाय सार्वजनिक मालकीची कृती एकदा चुकून अडवली गेली, तर ती पुन्हा अडवली जाऊ नये याची काळजी शक्य तितकी संकेतस्थळाने घ्यायची. म्हणजे नोंदवही तपासण्याचा बोजा, निदान अंशतः, नोंदवही वापरणाऱ्यावर येतो.

इतर देशांत असा कायदा होण्याची वाट पाहावी लागेल. पण त्याआधीही एक गोष्ट संकेतस्थळांना सहज करता येईल. दाव्याच्या पानावर आज दावेदाराचे नाव, कृतीचे शीर्षक आणि जुळलेले सेकंद एवढेच दिसते. ती नोंद केव्हा झाली, तिच्या आधारे आजवर किती दावे लागले आणि हरकतीनंतर त्यांतले किती मागे घ्यावे लागले, हे आकडे यंत्रणेजवळ नोंदीगणिक असायलाच हवेत. ते त्याच पानावर, दावेदाराच्या नावाखाली छापावेत.